मैदान नसलेला खेळ

आयर्लंडच्या दक्षिणेतल्या कॉर्क शहरातून बँडनकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शहर सुटतं न सुटतं तोच डोक्यावर एक जुना रेल्वेपूल येतो. चेटविंडचा पूल. दगडी खांब, त्यांवर लोखंडी कमानी, उंची सुमारे 100 फूट. 1849 ते 1851 या काळात तो फॉक्स, हेंडरसन या कंपनीने बांधला. लंडनचा क्रिस्टल पॅलेसही तिनेच उभारला होता. 1961 साली हा रेल्वेमार्ग बंद झाला, रूळ निघाले, पूल राहिला. मावसबहिणीने गाडी बाजूला घेतली आणि मी खाली उतरून मान वर करून बघत राहिले, ती रेल्वेच्या इतिहासासाठी नाही. 1955 सालच्या सेंट पॅट्रिक दिनी इथे मिक बॅरी नावाच्या माणसाने 16 औंसांचा, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचा लोखंडी गोळा खालच्या रस्त्यावरून या पुलाच्या वरून पलीकडे फेकला होता. हाताने. कुठलंही साधन न वापरता. तेव्हा पुलावरून गाड्या धावत होत्या.

बॅरी शेजारच्याच वॉटरफॉल गावचा. कॉर्कच्या विद्यापीठात तो बागा आणि मैदानं सांभाळायचं काम करायचा. 2014 साली, वयाच्या 95व्या वर्षी तो गेला. ‘रोड बोलिंग’ या खेळातला तो सर्वांत मोठा खेळाडू, असं कॉर्कमध्ये कुणीही छातीठोकपणे सांगतं. कॉर्कच्या बाहेर मात्र, अगदी डब्लिनमध्येसुद्धा, हे नाव घेतल्यावर समोरचा माणूस विचारात पडतो. ज्या देशात खेळाडूंची नावं पुलांना आणि क्रीडांगणांना दिली जातात, त्या देशात हे घडतं. म्हणून या प्रवासात मी किल्ले आणि समुद्रकडे थोडे मागे ठेवले आणि या खेळाच्या रस्त्यांवरून फिरले.

खेळ सांगायला अगदी सोपा आहे. 28 औंसांचा, म्हणजे सुमारे 800 ग्रॅमचा, जेमतेम सहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव लोखंडी गोळा. दोन खेळाडू. गावाबाहेरचा साधा, वळणावळणाचा, चालू वाहतुकीचा रस्ता, अंदाजे चार किलोमीटर लांबीचा. आळीपाळीने गोळा फेकायचा. तो घरंगळत जिथे थांबेल, किंवा जिथे रस्ता सोडून बाजूला जाईल, तिथे खडूने खूण करायची आणि पुढची फेक तिथून. कमीत कमी फेकींत शेवटची रेघ ओलांडेल तो जिंकला. दोघांच्या फेकी सारख्याच झाल्या, तर रेघेच्या पलीकडे ज्याचा गोळा लांब गेला तो. सामन्याला म्हणतात ‘स्कोअर’. पूर्वी 20 फेकींचा सामना असे, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात.

पण रस्त्यावर उभं राहून पाहिल्यावर कळतं की या सोप्या नियमांच्या आत किती काय भरलेलं आहे.

मावसबहीण रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात काम करते. तिच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. आयुष्यभर त्यांनी दूध डेअरीत नोकरी केली आणि रविवारी गोळे फेकले. रविवारी दुपारी त्यांनीच आम्हाला शहराच्या उत्तरेला व्हाइटचर्चच्या रस्त्यावर नेलं. तिकीटघर नाही, फाटक नाही, फलक नाही. एका वळणापाशी गवताच्या कडेला गाड्या लावलेल्या दिसल्या आणि शंभरेक माणसं रस्त्यातच उभी होती. म्हातारे, तरुण, लहान मुलं, कडेवर बाळ घेतलेली एक आई. पुढे-मागे पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक. एखादी मोटार आली की ते हात वर करत, खेळ थांबे, गर्दी दुभंगून दोन्ही बाजूंच्या झुडपांना टेकून उभी राही आणि मोटार सावकाश निघून जाई. बहुतेक चालक काच खाली करून ‘कोण पुढे आहे?’ असं विचारत होते.

पहिल्या फेकीची जागा ठरलेली असते, तिला ‘बट’ म्हणतात. खेळाडू दहा-पंधरा पावलं धावत येतो, शेवटच्या ढांगेला हवेत उसळतो आणि खूण ओलांडण्याआधी गोळा सोडतो. कॉर्कच्या पद्धतीत हात आधी मागून वरून पूर्ण चक्राकार फिरतो आणि मग खालून सुटतो. राखणदाराच्या हातातली गोफण फिरून सुटावी तसाच तो वेग. गोळा रस्त्याला टेकतो तेव्हाचा आवाज मला अपेक्षित नव्हता: आधी एक टणक ठोका, मग डांबरावरून सरकणाऱ्या लोखंडाची घरघर. चांगली फेक सहज दोनशे मीटर जाते. गोळ्याच्या वाटेत पुढे उभी असलेली माणसं शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाहीत. मग पाय उचलून त्याला जाऊ देतात. मी सुरुवातीला झुडपाला पाठ लावून उभी होते. आठशे ग्रॅम लोखंड घोट्यावर बसलं तर काय होईल हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

खेळाडू एकटा नसतो. त्याच्या पुढे, पंधरावीस पावलांवर, एक जाणता माणूस पाय फाकवून रस्त्यात उभा राहतो. त्याच्या दोन पायांमधली जागा म्हणजे गोळ्याने जायची रेषा. गोळा येताना दिसला की तो उडी मारतो. आणखी एक जण रस्त्याकडेचं गवत उपटून त्याची जुडी नेमक्या जागी ठेवतो. गोळा पहिल्यांदा तिथे टेकला पाहिजे. या जुडीला ‘सॉप’ म्हणतात. मला या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटली. लाखो युरोंच्या क्रीडा उद्योगाच्या काळात इथे नेमबाजीचं साधन म्हणजे मूठभर ओलं गवत.

आणि ती जागा कशी ठरते? आजोबांनी मला रस्त्याकडे बघायला शिकवलं. डांबरी रस्ता मधून किंचित फुगीर असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे गोळा आपोआप कडेकडे ओढला जातो. डावीकडचं वळण असेल तर उजव्या उतारावरून गोळा वर चढवून पुन्हा मध्यावर आणता येतो, पण त्यासाठी सोडताना बोटांनी त्याला फिरकी द्यावी लागते. नव्या खडीचा थर दिला असेल तर गोळा लवकर दमतो. ऊन पडून डांबर मऊ झालं की चाल बदलते, पाऊस पडून गेला की पुन्हा बदलते. कुठे शेतात शिरायचं फाटक आहे, कुठे ट्रॅक्टरच्या चाकांनी माती आणून टाकली आहे, कुठे दहा वर्षांपूर्वी नळ टाकायला खणलेला चर बुजवला आहे, हे सगळं हिशेबात असतं. आजोबा म्हणाले, ‘या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला रस्ता माहीत नसतो. फेकणाऱ्याला माहीत असतो.’

सगळ्यांत मोठा जल्लोष होतो तो ‘लॉफ्ट’च्या वेळी. रस्ता काटकोनात वळत असेल, तर काही खेळाडू वळणावरून न जाता गोळा सरळ हवेतून, झुडपांवरून आणि शेताच्या कोपऱ्यावरून पलीकडच्या रस्त्यावर उतरवतात. तो रस्त्यावर टेकलाच पाहिजे. शेतात पडला तर फेक वाया. त्या दिवशी मागे पडलेल्या तरुणाने एका वळणावर ही जोखीम घेतली. क्षणभर गोळा कुणालाच दिसला नाही, मग झाडांपलीकडून ठोका ऐकू आला आणि सारी गर्दी पळत सुटली. मीही पळाले. कडेवर बाळ असलेली ती आई माझ्या पुढे होती.

चार किलोमीटर असं चालत, थांबत, पळत जायचं. दीड-दोन तास लागतात. एका टप्प्यावर माझ्या लक्षात आलं की या खेळाला प्रेक्षक असे वेगळे नाहीतच. खेळाडूबरोबर सारेच चालतात, त्याचा घाम दिसतो, त्याला दिलेला सल्ला ऐकू येतो, आपणही चार शब्द बोलू शकतो.

पैजा लागतात, हे लपवायचं कारण नाही. दोन्ही बाजूंचे पाठीराखे सामन्याआधी रक्कम जमवतात, वाटेतही शर्ती होत राहतात, नोटांच्या गुंडाळ्या उघडपणे हातोहात फिरतात. सगळा व्यवहार तोंडी. या पैजांनी खेळाला बळही दिलं आणि बदनामीही. त्याच्या उपेक्षेचं एक मूळ इथे आहे.

दुसरं मूळ समजायला मी पूर्व कॉर्कमधल्या क्लोइनला गेले. मिडलटनपर्यंत आगगाडी जाते, तिथून पुढे हे छोटं गाव. मधल्या रस्त्यावर मध्ययुगीन गोल मनोरा, समोर जुनं कॅथेड्रल. तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली 18व्या शतकात इथला बिशप होता. गावच्या मैदानापाशी ख्रिस्टी रिंगचा पुतळा आहे. हर्लिंग या खेळातला हा महानायक क्लोइनचा. 1920 साली जन्मला, 1979 मध्ये गेला. त्याच्या नावाने कॉर्क शहरात पूल आहे, क्रीडांगण आहे. मिक बॅरी वयाने त्याच्याच बरोबरीचा, त्याच जिल्ह्यातला. दोघांच्या वाट्याला आलेल्या स्मृतीत केवढा फरक!

याच क्लोइनच्या वेशीवर कॅसलमेरी नावाची जहागीर होती. डॅनियल मॅकडॉनल्ड या चित्रकाराने 1847 साली तिथल्या रोड बोलिंगच्या सामन्याचं मोठं तैलचित्र काढलं. ते आता कॉर्कच्या क्रॉफर्ड कलादालनाच्या संग्रहात आहे. फेकीच्या पवित्र्यात उभा आहे ॲब्रहॅम मॉरिस हा धनिक, आणि त्याच्या भोवती सर्व थरांतली माणसं दाटली आहेत. साल पुन्हा वाचावं: 1847. बटाट्यावरच्या रोगाने आलेल्या महादुष्काळातलं सर्वांत भीषण वर्ष. त्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. याच मॅकडॉनल्डने त्याच सुमारास, साठवलेले बटाटे नासलेले पाहून हबकलेल्या शेतकरी कुटुंबाचंही चित्र काढलं. ऐन दुष्काळात दुष्काळाचं चित्र काढणारे चित्रकार जवळजवळ नव्हतेच. त्याच हाताने, त्याच काळात, हा खेळही कॅनव्हासवर उतरवण्याजोगा मानला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेव्हा हा खेळ आडवळणाचा नव्हता. जमीनदार आणि कूळ एकाच रस्त्यावर उभे राहत होते.

मग तो मागे का पडला? 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी परगण्यातल्या थर्ल्स गावच्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. इंग्रजी खेळांच्या रेट्यात आयरिश खेळ टिकावेत हा हेतू. या संस्थेने हर्लिंग, गेलिक फुटबॉल, हँडबॉल आणि राउंडर्स यांना आपल्या छायेत घेतलं. पॅरिश तिथे क्लब, क्लब तिथे मैदान, अशी बांधणी केली. डब्लिनचं क्रोक पार्क आज 82 हजार प्रेक्षकांचं आहे. 2018 साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. आयरिश स्वत्वाचा विचार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हर्लिंगची काठी येते, यामागे शंभराहून अधिक वर्षांची ही शिस्तबद्ध मेहनत आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. रोड बोलिंग मात्र या छायेबाहेर राहिलं. माझ्या मते त्याला मुख्य अडसर होता तो त्याच्या जागेचा. ज्या खेळाला कुंपण घालता येत नाही, त्याची तिकिटं विकता येत नाहीत, त्याचा क्लब बांधता येत नाही, त्याला संस्थेच्या चौकटीत कुठे बसवायचं? त्यात पैजा. त्यात कायदा. 19व्या शतकापासून सार्वजनिक रस्त्यावर खेळून अडथळा आणणं हा दंडाला पात्र गुन्हा होता, आणि गोळे फेकणाऱ्यांना कोर्टात उभं राहावं लागत असे. राष्ट्रीय खेळांच्या आदर्श चित्रात असे खेळाडू कुणालाच नको होते.

हा खेळ आयर्लंडचा की बाहेरून आलेला, यावरही वाद आहेत. कुणी म्हणतात 17व्या शतकाच्या अखेरीस राजा विल्यमबरोबर आलेल्या डच सैनिकांनी आणला, कुणी उत्तर इंग्लंडमधून आलेल्या विणकरांकडे बोट दाखवतात. फिंटन लेन या इतिहासकाराने या खेळावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. एवढं खरं की असे खेळ एकेकाळी स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्येही होते. न्यूकासलच्या माळरानावर नॉर्थम्बरलंडचे खाणकामगार दगडी गोळे फेकायचे, हजारो लोक जमायचे, मोठ्या पैजा लागायच्या. तो खेळ 20व्या शतकाच्या सुरुवातीला संपला. आयर्लंडमध्येही पूर्वी याचा पसारा बराच मोठा होता. आकसत आकसत तो मुख्यतः दोन ठिकाणी उरला: दक्षिणेला कॉर्क आणि उत्तरेला आर्मा. मधल्या सबंध देशात तुरळक ठिपके.

आर्माला जायला कॉर्कहून डब्लिनमार्गे उत्तरेला, सीमा ओलांडून जावं लागतं. सीमेवर नाका नाही, चौकी नाही. रस्त्याकडेच्या वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैल दाखवू लागल्या की आपण उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखाली आलो हे समजायचं. आर्मा हे सफरचंदांच्या बागांचं गाव. दोन टेकड्यांवर दोन कॅथेड्रल, एक कॅथलिकांचं, एक प्रोटेस्टंटांचं, आणि दोन्ही सेंट पॅट्रिकच्याच नावाची. 2024 मध्ये आर्माने गेलिक फुटबॉलचं अखिल आयर्लंड विजेतेपद दुसऱ्यांदा जिंकलं, त्या केशरी-पांढऱ्या पताका कुंपणांवर अजून दिसत होत्या.

इथे या खेळाला ‘बुलेट्स’ म्हणतात. फेकीची पद्धतही निराळी. हात पूर्ण चक्राकार फिरत नाही. तो सरळ मागे वर जातो आणि लंबकासारखा खाली येऊन गोळा सोडतो. शेवटच्या क्षणी मनगट बोलतं. कॉर्कच्या फेकीत आवेश जास्त, आर्माच्या फेकीत नेमकेपणा, असं मला पाहताना वाटलं. आर्मावाले अर्थातच याहून कडक शब्दांत बोलतात. दोन प्रदेशांतली ही चुरस पिढ्यान् पिढ्यांची आहे. 1954 साली ‘बोल खुमन ना हेरन’ ही संघटना स्थापन झाली आणि उत्तर-दक्षिण एका नियमाखाली आले. अखिल आयर्लंड स्पर्धेचे अंतिम सामने उन्हाळ्यात कधी कॉर्कच्या रस्त्यांवर होतात, कधी आर्माच्या. 1969 नंतर तीस वर्षं उत्तरेत बंदुका आणि बाँब चालू होते, रस्त्यारस्त्यावर लष्कराच्या तपासण्या होत्या. त्या काळातही कॉर्कचे खेळाडू आर्मात जाऊन गोळे फेकत होते. आर्माजवळच्या मॅडन गावच्या रस्त्यावर भेटलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला हे सांगितलं, आणि लगेच समोरच्या फेकीकडे वळले. माझ्यासाठी तो इतिहास होता. त्यांच्यासाठी ते रविवारचं नेहमीचं जाणं-येणं होतं.

खेळाच्या प्रसाराचं काम मोठ्या मोहिमांनी झालेलं नाही. ते असं लहान लहान जागी झालं. पूर्व कॉर्कमध्ये बॅलिनकरिग नावाचं खेडं आहे. ते खेडं म्हणण्याइतकंही मोठं नाही. एक चौक, एक पब, भोवती शेतं. तिथल्या लोकांनी 1980च्या दशकात ‘किंग ऑफ द रोड्स’ ही स्पर्धा सुरू केली, पुढे तिच्या जोडीला ‘क्वीन ऑफ द रोड्स’ आली. आता आयर्लंडमधल्या उत्तम खेळाडूंबरोबर युरोपातले खेळाडूही तिथे उतरतात. हा युरोपशी जोडलेला धागा फार मोलाचा ठरला. नेदरलँड्समध्ये आणि उत्तर जर्मनीच्या फ्रिसलंड भागात याची भावंडं आहेत. जर्मन लोक रस्त्यावर लाकडी आणि रबरी गोळे फेकतात, डच लोक शेतातून. 1969 साली या तीन देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि युरोपीय स्पर्धा सुरू झाल्या. पुढे इटलीही आली. प्रत्येकाच्या पद्धतीने एकेक प्रकार खेळायचा, असा तोडगा त्यांनी काढला. कुणाचाच खेळ दुसऱ्याच्या साच्यात कोंबला नाही. 1985 मध्ये हान्स बोहलेन या जर्मन खेळाडूने चेटविंडच्या पुलावरून 28 औंसांचा पूर्ण वजनाचा गोळा पार केला. कॉर्कच्या मंडळींनी त्याचं मनापासून कौतुक केलं, आणि आजही बॅरीच्या गोष्टीला जोडूनच ती गोष्ट सांगतात.

समुद्रापलीकडे अमेरिकेत 18व्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून गेलेल्या लोकांनी हा खेळ नेला होता. तो तिथे विसरला गेला. 1990च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ‘आयर्लंड’ याच नावाच्या गावात तो पुन्हा सुरू झाला आणि डोंगरातल्या रस्त्यांवर रुजला.

पण माझ्या मते सर्वांत मोठा बदल बायकांनी घडवला. पूर्वी हा पुरुषांचा रविवार होता. आता स्त्रियांच्या आणि मुलींच्या वयोगटवार स्पर्धा होतात. कॉर्कची ग्रेटा कॉर्मिकन, आर्माची केली मॅलन ही नावं या रस्त्यांवर तितक्याच आदराने घेतली जातात जितकी पुरुषांची. बॅलिनकरिगच्या रस्त्यावर मी बारा-तेरा वर्षांच्या दोन मुलींचा सामना पाहिला. त्यांचा गोळा वजनाने हलका. एकीच्या पुढे तिचे वडील पाय फाकवून रेषा दाखवत होते, दुसरीच्या पुढे तिची आजी. आजीने उडी मारली नाही, फक्त एक पाय उचलला, आणि गोळा बरोबर खालून गेला. त्या घरात ही कला किती वर्षांची असेल, हे त्या एका पायावरून कळत होतं.

राष्ट्रीय वृत्तपत्रांत या खेळाला क्वचितच जागा मिळते. ती उणीव स्थानिक पत्रांनी भरून काढली आहे. पश्चिम कॉर्कचं ‘सदर्न स्टार’ आणि शहराचं ‘एको’ नियमितपणे निकाल छापतात. कुणी कुठल्या वळणावर आघाडी घेतली, कुणाचा गोळा कुठल्या फाटकाशी अडला, हे सगळं गावकऱ्यांना डोळ्यांसमोर दिसावं इतक्या बारकाईने लिहिलेलं असतं. परक्याला त्यातलं अर्धं समजत नाही. मी ते वृत्तान्त नकाशा पुढ्यात घेऊन वाचले आणि पश्चिम कॉर्कच्या रस्त्यांची ओळख मला पर्यटनाच्या पुस्तिकांपेक्षा त्यातून अधिक झाली. अलीकडे मोबाईलवरून सामन्यांचं थेट चित्रणही होतं, त्यामुळे बॉस्टनमध्ये किंवा लंडनमध्ये राहणारा मुलगा आपल्या भावाची फेक पाहू शकतो.

आता जो धोका आहे तो प्रसिद्धीच्या अभावाचा नाही. तो रस्त्यांचा आहे. कॉर्क शहर पसरतं आहे. ज्या रस्त्यांवर पूर्वी तासात दोन गाड्या यायच्या तिथे आता रांग लागते. स्पर्धा भरवायची तर विमा हवा, स्वयंसेवक हवेत, आणि हे सगळं विनामोबदला काम करणाऱ्या माणसांच्या खांद्यावर. शिवाय रस्ता सुधारला की वळण सरळ होतं, आणि वळण सरळ झालं की एक लॉफ्ट कायमचा जातो. तिथे कुणी कधी काय पराक्रम केला होता ते सांगायला जागाच उरत नाही. काही जणांनी मला सुचवलं की शहराबाहेर एक बंदिस्त, खास रस्ता बांधावा, तिथेच सामने व्हावेत, आसनं असावीत, तिकीट असावं. त्यांची तळमळ मला कळते. अपघाताची भीती खरी आहे. पण असा रस्ता पाच वर्षांत सगळ्यांना पाठ होईल आणि शेजारच्या गावाच्या रस्त्यावर जाऊन हरण्या-जिंकण्याची गंमत निघून जाईल. ज्या लोकांच्या दारावरून हा खेळ जातो तेच याचे आश्रयदाते आहेत. तो त्यांच्या दारावरून हलवला तर ते कशाला येतील? रविवारी दुपारी काही ठरलेले रस्ते दोन तास अधिकृतपणे या खेळाला द्यावेत, आणि रस्ता रुंद करताना तिथल्या जुन्या वळणांची नोंद नगररचनेच्या कागदावर यावी, एवढं सरकारने केलं तरी पुष्कळ होईल. जुन्या दगडी पुलाला वारसा म्हणून संरक्षण मिळतं. शंभर वर्षं गोळे फेकलेल्या वळणाला का मिळू नये?

कॉर्कला जाणार असाल तर एक रविवार यासाठी ठेवा. सामने वर्षभर होतात, पण मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा पश्चिम कॉर्कच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी फुक्सियाची लाल फुलं लगडलेली असतात आणि संध्याकाळ रात्री नऊपर्यंत लांबते. सामना कुठे आहे हे गावातल्या पबमध्ये किंवा स्थानिक वृत्तपत्रात कळतं. गाडी बटपासून दूर, शेताचं फाटक मोकळं सोडून लावा, कारण रविवारीही गाई दूध काढायला त्याच फाटकातून आणतात. पहिल्या काही फेकी खेळाडूच्या मागे उभं राहून पाहा. रेषा कशी धरतात ते तिथूनच दिसतं. मग हळूहळू पुढे सरका. कुणी ‘फॉग अ बॅलाख’ असं ओरडलं की वाट मोकळी करा. चिखलात चालतील असे बूट घाला, आणि पावसासाठी छत्री नेऊ नका, टोपी असलेलं जाकीट न्या. रस्ता अरुंद असतो आणि छत्रीमागे उभ्या असलेल्या माणसाला गोळा येताना दिसत नाही.